गुरुवारची भाकरी

पाय जळत. दुसरा शब्द मला सापडत नाही. तापल्या तव्यावर उभं केल्यासारखे तळवे पेटलेले असत, आणि डाव्या अंगठ्याला मात्र काही म्हणता काही कळत नसे. चप्पल लागून तिथं जखम झाली, तीही रक्त दिसलं तेव्हा समजली. दुष्काळानंतरची ती वर्षं. सोलापूरच्या आमच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला होता. साखर सोडली, गूळ सोडला, बिनसाखरेचा चहा नाक दाबून प्यायले. तरी लघवी तपासली की नळीतलं निळं पाणी विटकरी होई, म्हणजे साखर भरपूर. "जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल, कदाचित पायही," डॉक्टर म्हणाले.

मग मी देवाला धरलं. सिद्धेश्वराचा सोमवार होताच, त्यात स्वामींचा गुरुवार घातला, चतुर्थी घातली, एकादशी घातली. आमचे हे चेष्टेनं म्हणत, "एकादशी, दुप्पट खाशी." मला भारी राग येई. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी आणि केळी यांवर दिवस काढणं म्हणजे काय चैन होती? उपास वाढत गेले, तशी पायांची आगही वाढत गेली. "गोड खाता का?" डॉक्टर विचारत. मी नाही म्हणे, आणि ते मला खरंच वाटे. शेवटी मनानं घेतलं की देवालाच मी नकोशी झाले आहे.

त्या गुरुवारी अक्कलकोटला गेले ती मागायला नव्हे, भांडायला. बरं कर, नाहीतर ने एकदाचं. दर्शन झालं आणि थंड फरशीवर तळवे टेकून बसले, तर रडू आवरेना. तेवढ्यात एक अनोळखी बाई टोपली घेऊन पुढं आली. भाकरी आणि वर मेथीची भाजी तिनं माझ्या हातावर ठेवली.

"घ्या की अव्वा. दुष्काळानंतर पयल्यांदा जुंधळा पिकला बगा. स्वामींना भाकरी बोलले हुते."

"आज माझा उपास आहे हो."

"उपास तुमचा, परसाद त्येंचा," ती म्हणाली. "न्हाय म्हनू ने."

उपास मोडणं पाप आणि प्रसाद नाकारणंही पाप. मी रडत रडत ती भाकरी खाल्ली. आता शेवटचा आधारही गेला असं वाटलं. मोडलेल्या उपासाला फराळ कशाला, म्हणून खिचडीचा डबा तसाच परत आणला आणि रात्रीही अर्धी भाकरीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत नळीतलं पाणी हिरव्यावरच थांबलं, म्हणजे साखर थोडीच. काल काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खाली मान घालून उपास मोडल्याचं सांगितलं. मग त्यांनी एरवीच्या उपासाचं विचारलं. मी तेही सांगितलं.

"अहो, साबुदाणा आणि रताळी पोटात गेली की त्यांची भाकरीपेक्षा भराभर साखर होते," ते कळवळून म्हणाले.

अंगठा वाचला नाही, फार उशीर झाला होता. पाय वाचला. आग विझली नाही, पण धग कमी झाली, रात्री डोळा लागू लागला. ती बाई कोण होती? शेत पिकलेली एक बाई, त्याहून जास्त मला म्हणायचं नाही. पण तिला माझ्याचपुढं कुणी आणलं, हे मी मनाशी जाणते. देवाला काय द्यायचं ते तोवर मीच ठरवत होते, त्याला काय हवं ते कधी विचारलंच नव्हतं.

आता गुरुवारी स्वामींपुढं भाकरी ठेवते आणि तीच खाते. पहिला घास उचलताना उपास मोडल्याची भीती अजून वाटते. त्यांचं नाव घेते आणि खाते.