चूल न पेटण्याचे दिवस

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आलो. पांढरी साडी, उलटे पाय, चिंचेचं झाड... असल्या गोष्टींना मी ‘पचनाची तक्रार’ म्हणायचो. आता हसायचा हक्क तुमचा.

हैदराबाद संस्थान बुडालं त्या वर्षीची गोष्ट. मी महसूल खात्यात कारकून. जामबागेतल्या एका गल्लीत भाड्याचं घर. शेजारी बिल्किस आपा. नवरा वारल्यावर घरापुढची लाकडाची वखार ती स्वतःच चालवायची. दोन्ही अंगणांमध्ये छातीएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून दिवसभर तिच्या नि आमच्या सरस्वतीच्या गप्पा.

सरस्वती म्हणजे माझी बायको. पंचेचाळिशी ओलांडली आणि तिची पाळी थांबली. अंगातून वाफा निघायच्या. ऐन थंडीत पदराने वारा घेत बसायची. तोवर महिन्याचे ते तीन दिवस ती बाजूला बसायची आणि मी पिठलं-भात रांधायचो. ती कटकट टळली म्हणून मला हर्ष झाला, आणि तो मी बोलून दाखवला! म्हणालो, “बरंच झालं की. आता तू महिनाभर सोवळ्यात.”

“बरं झालं?” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून तेवढेच दिवस मी पाठ टेकली. तेही गेले, आणि तुम्हाला बरं झालं?”

मला वाटलं, वय आहे, उतरेल राग. तो उतरला नाही. तो चुलीत गेला.

पुढच्या महिन्यात, बरोबर तिच्या त्या दिवसांत, चूल पेटेना. काडी ओढली की विझायची. स्टोव्ह फुरफुरून गप्प. देवापुढचं निरांजनसुद्धा! सरस्वती भिंतीशी पाठ लावून बसलेली, चेहरा लालबुंद, कपाळाला हात लावला तर चटका. चौथ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. मी सर्दावलेल्या लाकडांना दोष दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग मी भिंतीवरून पळीभर निखारे मागितले. उंबरठ्याच्या आत पाय टाकला आणि ते काळे पडले.

“लकड़ी का कसूर नक्को निकालो भैया,” बिल्किस आपा म्हणाली. “भाभी का गुस्सा है. मेरे आंगन में पका लो.”

म्हणून दर महिन्याला गळ्यात जानवं घातलेला हा सद्गृहस्थ आपाच्या अंगणात पिठलं ढवळायचा. “मीठ घातलंत का?” असं ओरडत सरस्वती एकदा भिंतीवरून वाकली, तर माझ्यापुढची चूलही विझली.

बाहेर रझाकारांचं राज्य. एकदा भाले घेतलेली टोळी गल्लीत शिरली, तेव्हा आपा आमच्या दारात उभी राहिली. “ये मेरे घर के लोगां हैं, आगे चलो!” टोळी गेली. मी तेव्हा आत, देवघरात, अत्यंत भाविक झालो होतो.

मग पोलीस ॲक्शन झाली, आणि वर्षभर खाटेखाली असलेले शूर बाहेर पडले.

अशाच एका सकाळी मी कचेरीला निघालो होतो. शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी... आमचा सरकारी पोशाखच तो. गलका ऐकून धावत बाहेर आलो, तर वखारीपुढे आमच्याच गल्लीतली पोरं, हातात रॉकेलचे डबे. पुढे वसंता.

“हा बघा आणखी एक! धरा!”

दोघांनी माझे दंड आवळले. भीतीने माझ्या तोंडून निघालं ते कचेरीतलं उर्दू. “अरे मियाँ, मैं बिरहमन हूँ!” अशी कानाखाली बसली म्हणता... टोपी गटारात. वसंता वाकून बघत म्हणाला, “अरे, हे तर काका!” पण सोडलं नाही कुणी. लाकडांवर रॉकेल ओतलं. वखार पेटली असती तर मागचं घर जाणारच, आणि आपा आत कडी लावून बसलेली.

तेवढ्यात सरस्वती आली. केस मोकळे, चेहरा तापल्या तव्यासारखा. गर्दीतून सरळ गेली आणि वखारीच्या पायरीवर फतकल मारून बसली.

“माझे दिवस आहेत,” भर गल्लीत, भरल्या आवाजात. “ज्याला विटाळ चालतो त्याने उठवावं मला.”

धर्म वाचवायला आलेली पोरं मागे सरकली!

“काकू, उठा,” वसंता म्हणाला. “या लोकांनी काय काय केलंय...”

“हिने काय केलं ते सांग. भाले आले तेव्हा ही उभी होती दारात. तू कुठे होतास रे? आईच्या लुगड्याआड? तुझ्या भाकरीचं पीठ मी दिलंय, वसंता. आता मला जाळ.”

वसंताने मान फिरवली आणि लांबूनच काडी ओढली. विझली. दुसरी विझली. पेटीभर काड्या संपत आल्या. कुणीतरी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून निखारे आणले. ते वाटेतच काळे. एकाच्या तोंडातली विडीही विझली. त्याने ती काढून नुसतीच उलटसुलट पाहिली, आणि सगळ्यात आधी तोच पळाला. मग बाकीचे.

वसंताची टाकलेली पेटी मी उचलली. गल्लीच्या टोकाला जाऊन उरलेली काडी ओढली. पहिल्या फटक्यात पेटली.

घरी आल्यावर मी म्हणालो, “खोटं बोललीस की. पाळी जाऊन किती महिने झाले!”

“खोटं काय त्यात? पाळी गेली,” ती म्हणाली. “दिवस माझेच आहेत.”

आमचे डॉक्टर म्हणतात, काड्या दमट असतील. विडीचं विचारलं की ते नाडी बघू लागतात. सरस्वती अजून महिन्याचे ते दिवस भिंतीशी पाठ टेकून बसते. त्या दिवसांत न सांगता मी चुलीपुढे बसतो. आता चूल पेटते... तरी काडी ओढण्यापूर्वी मी एकदा तिच्याकडे बघतो.