वहिनींची नोंद

आमच्या महिला सल्ला केंद्राचं पोर्टल बनवायला एक तरुण धाराशिवला यायचा. कुठली नोंद कुणाला दिसावी, हे ठरवताना तो दर वेळी विचारायचा, "मॅडम, हिला कोण कोण बघंल?" उत्तर मिळेपर्यंत समोरच्या चहाला हात लावायचा नाही.

एकदा सास्तूरची एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन आली आणि त्याला पाहून दारातच थबकली. तो तिच्याच गावचा होता.

"या वहिनी. तुमची नोंद मला दिसणार न्हाय," तो म्हणाला. त्यानं नोंदी बघायच्या परवानग्यांतून स्वतःचं नाव काढलं आणि आता त्याला नोंदी उघडत नाहीत, हे तिला पडद्यावर दाखवलं.

"गावात सांगशील?"

"काय सांगू? तुमी मला दिसलाच न्हाईत."

जाताना त्यानं दार ओढून घेतलं. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेल्यावर ती बोलू लागली.