सर्व्हिस रोडवर उघडलेलं दार

माझी बायको चाळिशी ओलांडल्यावर सायकल शिकली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. आम्ही मोशीला राहतो. बायको चिखलीच्या बाजूला, गाड्यांचं वायरिंग जोडणाऱ्या कंपनीत लाइनवर आहे. कंपनीची बस आमच्या भागात येत नाही. रोज शेअर रिक्षासाठी ताटकळायचं, मिळाली की अंग चोरून बसायचं. एका संध्याकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "अहो, ती सायकल काढा की. मला शिकवा."

बीडकडच्या तिच्या गावात सायकल भावांच्या वाट्याला यायची. हिच्या वाट्याला कॅरिअरवर बसणं. त्यामुळे आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर मी कॅरिअर धरून पळायचो तेव्हा ती सारखी मागं वळून बघायची, मी सोडलं तर नाही ना म्हणून. "पुढं बघ," मी म्हणायचो. "मागचं मी बघतो." महिन्याभरात ती रस्त्यावर आली.

रस्त्याचे नियम मात्र तिनं माझ्यापेक्षा काटेकोर पाळले. आमच्याकडं यू-टर्न लांब असला की अर्धी वाहनं सरळ उलट्या दिशेनं घुसतात. ती कधीच नाही. तेवढ्यापुरती उतरायची आणि सायकल हातात धरून कडेकडेनं चालत जायची. हेल्मेटवरून तेवढं भांडण झालं. "सायकलला हेल्मेट लागतं असा कायदा न्हाई," ती म्हणाली. तिचं खरं होतं. मी म्हणालो, "डोक्याला कायदा कळत नाही." दोन दिवस अबोला धरून तिनं ते घातलं.

मी भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला आहे आणि कंपनीच्या प्रथमोपचाराच्या टीममध्येही आहे. ट्रेनिंग झालं की घरी येऊन मी तिला सगळं सांगायचो. ती भाजी निवडत ऐकायची आणि हसायची. तिच्या कानात काही शिरतंय असं मला वाटत नव्हतं.

ते थंडीचे दिवस होते. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी घरीच होतो. ती निघून थोडा वेळ झाला असेल, फोन आला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "घाबरू नका. पडलेय. शुद्धीवर आहे, डोक्याला काही न्हाई. उजवा खांदा लई दुखतोय. सर्व्हिस रोडला मेडिकलसमोर या. आणि गाडी हळू आणा."

मोटरसायकल मी हळू नेली असं म्हणणार नाही.

मेडिकलसमोर एक पांढरी कार उभी होती. तिचं ड्रायव्हरकडचं दार अजून उघडंच होतं. सायकल आडवी पडलेली, हँडल वाकडं. काय झालं ते बघताक्षणी कळलं. बायको सायकलवरून कारच्या जवळून चालली होती, आतल्या माणसानं मागं न बघता दार उघडलं, दाराची कड हँडलला लागली आणि ती उजवीकडं रस्त्यावर फेकली गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला होता आणि टेम्पो आडवा लावून मागची वाहतूक थांबवली होती. तो माणूस कोण, कुठला, मला आजही माहीत नाही.

बायको फुटपाथच्या कडेला बसली होती. ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधलेला. हेल्मेटला एका बाजूनं उभी चीर गेली होती. आणि तिच्या शेजारी, खाली मातीतच, पांढऱ्या टोपीतले सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. बायको डाव्या हातानं त्यांना पाण्याची बाटली देत होती.

दार यांनीच उघडलं हे कळायला वेळ लागला नाही. माझं डोकं फिरलं. "डोळे कुठं होते तुमचे?" मी ओरडलो. आजूबाजूची दोन-चार माणसंही पुढं सरकली. अशा वेळी गर्दीला एक आवाज पुरतो.

"आवाज खाली करा," बायको म्हणाली. "ते पळून गेलेत का? बसलेत ना माझ्याजवळ?"

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. ते मोशीतल्याच जुन्या शेतकरी घरातले. "माझ्याकडनंच झालं, भाऊ," ते म्हणाले. "गोळ्या घ्यायला थांबलो व्हतो. मागं बघितलंच न्हाई. तुमी काय बोलायचं ते बोला."

मी बायकोजवळ खाली बसलो.

ओढणी कुणी बांधली, असं मी विचारलं. मेडिकलमधल्या बाईंनी, पण सांगून हिनं बांधून घेतली होती. लोक उचलायला धावले तेव्हा हिनं त्यांना थांबवलं होतं. आधी मला हातपाय हलवून बघू द्या, मान दुखतेय का ते बघू द्या, मग उठवा. ती भाजी निवडताना मी सांगितलेलं जसंच्या तसं.

हॉस्पिटलात एक्सरे निघाला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नको, पट्टा बांधून दीड महिना हात हलवायचा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अपघाताची केस म्हणून पोलिसांना कळवावं लागेल, हेही सांगितलं. आजोबा तोवर बाहेर बाकावर बसून होते. त्यांना घरी जायला सांगितलं तरी हलले नाहीत.

हवालदार आले. वयानं मोठे, शांत. त्यांनी बायकोला विचारलं, "ताई, घरच्या घरी पडलात असं तर लिहायचं नाही ना? केस नको म्हणून बरेच जण तसं सांगतात."

"न्हाई," ती म्हणाली. "झालं तसंच लिहा. पण ते थांबले, हॉस्पिटलपर्यंत आले, तेबी लिहा."

हवालदारांनी आजोबांना सांगितलं, "बाबा, दार उघडताना मागं बघायचं हा पण नियमच आहे. गाडी थांबली म्हणजे जबाबदारी संपत नाही."

"व्हय साहेब," आजोबा म्हणाले. "आता कळलं." पुढं त्यांना चौकीत आणि कोर्टात जावं लागलं, दंड भरावा लागला. त्याबद्दल ते आमच्याजवळ एका शब्दानंही कुरकुरले नाहीत.

घरी आल्यावर खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. बायको आरशासमोर उभी होती, फणी डाव्या हातात. केस कमरेपर्यंत. एका हातानं वेणी घालता येत नाही.

"कापूनच टाकते," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पडल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

मी पाट ओढला आणि तिला गॅलरीत बसवलं. आयुष्यभर पत्रा दाबलेले माझे हात. बोटांच्या भेगांत केस अडकायला लागले, तिला ओढ बसायला लागली. मग मी आधी स्वतःच्याच हाताला खोबरेल तेल चोळलं.

"तीन भाग करा," ती सांगू लागली. "डाव्या बाजूचा पेड मधल्यावर. आता उजवा मधल्यावर. घट्ट नको."

पहिली वेणी दुपारपर्यंत सुटली. दुसरी वाकडी आली. तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "अगं, कुणी घातली गं?" आणि बायकोनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी पेपरात तोंड घातलं. तिच्या मानेजवळ तीळ आहे हे मला लग्न झाल्यावर कधीतरी कळलं होतं, आणि मी विसरून गेलो होतो. कानामागं पांढरे केस आलेले. ते मी आत दडवून वेणी घालायचो. एकदा ती न बघता म्हणाली, "लपवू नका, मला ठाऊक आहेत." माझी फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे डबा भरायच्या आधी वेणी. या दीड महिन्यात आम्ही जेवढं बोललो तेवढं बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. बहुतेक वेळा तिची पाठ माझ्याकडं असायची, कदाचित म्हणूनही असेल.

आजोबा दर रविवारी यायचे. कधी शेतातली मेथी, कधी वांगी. फार बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "गाडी चालवायचं सोडून द्यावं म्हनतो. दार उघडताना हात कापतो."

आमच्या कंपनीत माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना एक सवय लावलेली आहे. ती मी त्यांना सांगितली. दार उजव्या हातानं उघडायचं नाही, डाव्या हातानं उघडायचं. डावा हात पलीकडं न्यायचा म्हटलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागं जाते.

आजोबांनी ऐकलं, चप्पल घातली आणि खाली उतरून गाडीत जाऊन बसले. आम्ही गॅलरीतून बघत होतो. दार लावलं. डावा हात पुढं, मान मागं, दार उघडलं. पुन्हा लावलं. गल्लीतून जाणारी माणसं थांबून बघायला लागली, तरी ते थांबेनात. बायको हसता हसता खांदा धरून खाली बसली, इतकं दुखलं तिला.

"जमतंय का?" त्यांनी खालून विचारलं.

"जमतंय, बाबा," ती म्हणाली.

पट्टा निघाला, व्यायाम झाले, सायकलचं हँडल सरळ करून आणलं, नवं हेल्मेट आलं. तरी सायकल आठवडाभर जिन्याखालीच होती. एका सकाळी तीच म्हणाली, "आज जाते. पण तुम्ही मोटरसायकलवर मागं येऊ नका. पोलीस मागं लागल्यासारखं वाटतं."

मी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली. तिच्या बऱ्याच मागं राहिलो. उभ्या गाड्या आल्या की ती आधी मागं बघायची, मग दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवून पुढं जायची. मागून हॉर्न वाजले तरी ती कडेला दबली नाही. चिखलीच्या वळणावर तिनं उजवा हात बाहेर काढला. पूर्ण सरळ झाला नाही, थोडा खालीच राहिला. पण मागच्या डंपरवाल्याला कळलं आणि त्यानं वेग कमी केला.

कंपनीच्या गेटवर तिच्या मैत्रिणींनी तिला घेरलं आणि ती त्यांच्याबरोबर आत गेली. मी थोडा वेळ तिथंच उभा होतो. वॉचमन जवळ आला.

"कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही. बायकोला सोडायला आलो होतो."

त्यानं माझ्या सायकलीकडं बघितलं, मग स्टँडवर लावलेल्या तिच्या सायकलीकडं. "त्या तर स्वतःच आल्या," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो आणि घराकडं वळलो.