अर्ध्यापर्यंतचा वाय

माझा स्वभावच संशयी. दूधवाला हसला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलं असेल.

बाहेरून बारावीला बसणाऱ्यांचा वर्ग मी शिरूरच्या कॉलेजात दुपारी चारला घ्यायचो. बारा जण होते. त्यांतली एक कारेगावात राहायची. रांजणगावात पहिली पाळी करून कंपनीच्या ड्रेसवरच यायची आणि मागच्या दाराजवळ बसायची. यंदा बारावी झाली तरच तिला कंपनीत कायम करणार होते.

चाचणीत मी रेंजचं गणित घातलं. वर नुसता एक्स, खाली एक्सचा वर्ग अधिक एक. एक्सच्या जागी कुठलाही आकडा घाला, उत्तर म्हणजे वाय कुठून कुठपर्यंत येऊ शकतो ते सांगा. अकरा जणांनी मी शिकवलं तसंच लिहिलं: उणे अर्ध्यापासून अर्ध्यापर्यंत, शून्य सोडून. हिनं शून्य सोडलं नव्हतं, आणि पायरी एकही नाही. समासात खोडलेले बारीक आकडे तेवढे होते. पायऱ्यांशिवाय अर्धा आला कुठून? म्हटलं, इथं पाणी मुरतंय. पुढच्या आठवड्यात तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तासभर तिच्या हातांकडे पाहत राहिलो. काहीच सापडलं नाही, तसा संशय आणखी वाढला. प्राचार्यांच्या नावानं चिठ्ठी लिहिली: हिनं नक्कल केली आहे, हिचा परीक्षेचा फॉर्म पुढे पाठवू नये. चिठ्ठी खिशात ठेवूनच तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हेच गणित माझ्यासमोर कर."

ती उभ्या उभ्याच करू लागली. "सर, आमच्याकडं भोक तपासायला गेज असतं. एक टोक आत गेलं पायजे, दुसरं गेलं न्हाई पायजे. तसं मी वाय घालून बघते. एक घातला, तर एक्स मिळतच न्हाई. अर्धा घातला, तर एक्स एक मिळतो. अर्ध्याच्या जरा वर गेलं की पुन्हा न्हाई. म्हंजी हद्द तिथंच. खालच्या बाजूला पण तसंच."

"आणि शून्य? एक्स काढायच्या सूत्रात खाली दोन वाय येतात. शून्यानं भागता येत नाही."

"सूत्राचं मला म्हाईत न्हाई, सर. पण एक्स शून्य घेतला की वाय शून्यच येतो की."

मी कागदावर घालून पाहिलं. शून्य भागिले एक. येत होता. जुन्या वहीतून इतकी वर्षं फळ्यावर उतरवत आलो, पण हे एकदाही घालून पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "सर, मला पुढं कशापायी बसवलं व्हतं?"

"फळा नीट दिसावा म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, हे मला दिसलं.

ती गेल्यावर मी चिठ्ठी फाडली. मग उरलेले अकरा पेपर काढले. अकराही जणांनी शून्य सोडलेलं, अकराही ठिकाणी माझी लाल बरोबरची खूण. वर्गात नक्कल झाली होती, ती या अकरा जणांनी केली होती, आणि माझी केली होती.