मावशी, नग एक

आमच्या प्रयोगशाळेचं स्टोअर माझ्या ताब्यात आहे. रजिस्टरात नाही ती वस्तू जगात नाही, असा माझा खाक्या. लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत बापडे.

आमच्याकडे एक संशोधक मुलगी वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकवर काम करते. काचपट्टीवर त्याचा पातळ थर द्यायचा. आम्ल पाजलं की थर हिरवा होतो, वीज वाहू लागते. आम्ल निघालं की निळा पडतो आणि वीज ठप्प. तिचा थर रोज सकाळी अकराला निळा पडायचा, दुपारी पुन्हा हिरवट व्हायचा. का, ते कळेना. तीन वर्षं तिने डोकेफोड केली, ढीगभर आलेख काढले, चंद्राच्या कलासुद्धा तपासल्या. अख्खा प्रबंध त्यावरच उभा राहिला.

मग फरशी पुसणाऱ्या मावशी आठ दिवस आजारी पडल्या आणि थर हिरवागार राहिला. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. मावशी परतल्या, बादलीत अमोनिया ओतून फरशी पुसली आणि थर निळा. अमोनिया आम्ल ओढून घेत होता. दुसऱ्यांनी पुसून पाहिलं, पण मावशींइतका सढळ हात कुणाचाच नाही.

परीक्षक पुढच्या वर्षी येणार होते, त्यांना थर निळा पडताना दाखवायचा होता आणि त्याआधीच मावशींना साठ वर्षं पूर्ण होत होती. साठीनंतर माणूस ठेवता येत नाही, असं कार्यालयाने कळवलं.

"मला घरी पाठवू नका, भाऊ," मावशी मला म्हणाल्या. "रिकामं घर खायला उठतं."

मला वाईट वाटलं. मी नियम चाळले. निवृत्तीचं वय माणसाला असतं, उपकरणाला नसतं. मी मावशींची रजिस्टरात नोंद केली: 'वाफ सोडणारं उपकरण, नग एक.' कार्यालयाने मुकाट्याने मंजुरी दिली.

परवा वार्षिक तपासणी होती. मी रजिस्टर घेऊन मावशींसमोर उभा राहिलो.

"चालू की बंद?"

"गुडघे सोडून सगळं चालू."

'चालू. आवाज येतो,' असं मी नोंदवलं. 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना राहिला होता. तो कोरा राहिला की वस्तू भंगारात जाते. मुलीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

"तिथं काय लिहिलंय?" मावशींनी विचारलं. 'जबाबदार व्यक्ती' आणि पुढे मुलीचं नाव, मी वाचून दाखवलं. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि सहीवर बोट ठेवलं.

"नवरा गेल्यापासून त्या जागी कुणीच नव्हतं," त्या म्हणाल्या.