कागदाबाहेरची विहीर

दिगू गेल्याची बातमी मला दिगूच्याच फोनवरून आली. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, खिशात फोन वाजला, पडद्यावर त्याचं नाव. आम्ही दोघं साठी ओलांडलेले असलो तरी एकमेकांशी शाळेतल्यासारखंच बोलायचो. सवयीने म्हणालो, "बोला मास्तर, आज कोणाचा कचरा तोलताय?" पलीकडून सुनंदावहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." त्यानंतर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. गंगापूर रोडवरच्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला होता. जमलेले लोक म्हणाले, भाग्यवान, सुखाने गेला. गेली काही वर्षं त्या माणसाला सुखाची झोप कशी ती माहीत नव्हती, हे तिथे वहिनी आणि मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. याला आता सहा आठवडे झाले.

दिगंबर आणि मी नांदगावच्या शाळेत एका बाकावर. तो हुशार, मी त्याच्या वहीत बघणारा. पुढे तो इंजिनिअर होऊन नाशिकला कॉलेजात शिकवायला लागला आणि मी ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं. त्याचा विषय नेमका काय, हे मला बरीच वर्षं कळलेलं नव्हतं. एकदा दुकानात बसून त्याने माझ्या कॅलेंडरच्या पाठीवर एक चौकोन काढला. म्हणाला, "कुठलीही गोष्ट घे. कारखाना घे, गाव घे, तुझं घर घे. तिच्याभोवती एक रेघ मार. आत काय येतं, आत काय साठतं, बाहेर काय जातं ते मोज... पाणी, वीज, खत, जळण, सगळं. हे मेळात बसलं की ती गोष्ट अजून किती दिवस तग धरेल ते सांगता येतं." मी विचारलं, मेळात नाही बसलं तर? "तर मोजणारा गाढव आहे असं समजायचं."

मोजायचं वेड असं की घरातली कचऱ्याची बादली तोलल्याशिवाय बाहेर जायची नाही. गॅसचा सिलिंडर दर रविवारी काट्यावर. माझ्या मुलीच्या लग्नात हा पंगतीमागे उभा राहून किती भात वाढला आणि किती टाकला याची नोंद करत होता, तेव्हा व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे गृहस्थ कोण? मी सांगितलं, आमच्याकडचे आहेत, जरा सांभाळून घ्या. वहिनी चिडायच्या, मी चेष्टा करायचो, आणि तो आपला हसून पुढच्या गोष्टीभोवती रेघ मारायचा. चेष्टा करत असलो तरी मला त्याचा अभिमान होता. माझ्या ओळखीत एवढा प्रामाणिक माणूस दुसरा नव्हता.

चांदवडच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला द्राक्षांचं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या, म्हणून गावाने दिगूला बोलावलं. दोन वर्षं तो विद्यार्थी घेऊन तिथे राबला. कोणत्या विहिरीतून किती उपसा, मोटारी किती तास चालतात, किती वीज खातात, खताच्या किती गोण्या येतात, द्राक्षाच्या पेट्यांतून किती पाणी गावाबाहेर जातं, सगळं मोजलं. मग देवळाच्या सभामंडपात एक भलामोठा कागद लावला. मधोमध गाव, भोवती बाण. जेवढं पाणी जास्त तेवढा बाण जाड. सगळ्यात जाड बाण गावाच्या शिवेवरून खाली कागदाच्या कडेपर्यंत जात होता आणि त्यावर दिगूच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं : वाया. पाटाने पाणी दिलं की जे वेलीला न लागता जमिनीत मुरून जायचं, ते हे पाणी.

रंगनाथआप्पा तेव्हा सरपंच होते. चष्मा कपाळावर चढवून ते त्या बाणापाशी बराच वेळ उभे राहिले. "सर, येवढं पाणी आपलं फुकट जातंय म्हंता?" दिगू म्हणाला, हो. "मंग त्याला उपाय?" दिगूने माझ्याकडे बोट दाखवलं. अख्ख्या गावाने ठिबक केलं आणि सगळं माझ्याच दुकानातून गेलं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मी खुशीत होतो. दोघांना शाल, श्रीफळ मिळालं. पहिल्या उन्हाळ्यात विहिरींना खरंच पाणी राहिलं. दिगू लहान मुलासारखा फोन करून मला मोटारींचे तास सांगायचा. मग वाचलेल्या पाण्यावर लोकांनी पडीक रानात द्राक्षांचे नवे प्लॉट लावले. तेही मीच पाइप दिलेले.

तिसऱ्या उन्हाळ्यातला एक रविवार. मी चहाला दिगूकडे होतो आणि दारात एक म्हातारी उभी. त्या गावाच्या शिवेखाली, ओढ्याच्या वळणावर पंधरावीस घरांची एक वस्ती आहे, तिथल्या हौसामावशी. एस.टी.ने आल्या होत्या, पत्ता विचारत विचारत. तक्रार करायला आलेल्या नव्हत्या. वहिनींनी दिलेलं पाणी पिऊन म्हणाल्या, "सर, तुमी पाण्याचं शिकलेले. आमची हीर माझ्या सासऱ्यानं खंदली, कदी आटली नाय. दुस्काळातबी नाय. दोन सालं झाली, दिवाळी झाली की तळ दिसतो. का आटली तेवढं सांगा, मी जाते."

दिगू आत गेला, सभामंडपातल्या त्या कागदाची प्रत घेऊन आला आणि टेबलावर पसरला. बघता बघता त्याचा हात त्या जाड बाणावरून कागदाच्या कडेपर्यंत गेला, कडेवरून खाली टेबलाच्या लाकडावर आला आणि तिथे थांबला. मग म्हणाला, "मावशी, हे पाणी तुमच्या विहिरीला येत होतं. मी ते फुकट जातंय असं लिहिलं... मी रेघ गावाच्या शिवेवर मारली. तुमची वस्ती कागदावर घेतलीच नाही."

हौसामावशींना राग आला नाही. त्यांना नवल वाटलं. "अवो, मंग आमाला इचारायचं. वरच्यांनी बागंला पानी सोडलं का तिसऱ्या दिशी आमच्या हिरीला पाझर यायचा. पोरासोरांना ठावं हे ते."

दोन वर्षांची मोजणी, संगणक, विद्यार्थ्यांची फौज. आणि जे पोरासोरांना ठाऊक होतं ते विचारायला शिवेखालची अर्ध्या तासाची वाट कोणी उतरलं नव्हतं. मीही नाही. मला तर ती वस्ती दिसलेली होती. पाइपांचा टेंपो तिच्यावरूनच वर जायचा.

दिगूने त्याच आठवड्यात वरच्या गावात सभा बोलावली. त्याच सभामंडपात उभं राहून म्हणाला, मी चुकलो. नवे प्लॉट काढा आणि उन्हाळाभर थोडं पाणी ओढ्याला सोडा, खालची विहीर जगेल. कोणी आवाज चढवला नाही. त्या गावात वाईट माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, आणि आप्पा तितक्याच आदराने म्हणाले, "सर, चूक तुमची, आन् पानी आमी सोडायचं? पोटच्या पोरावानी लावलेले वेल हेत ते." मग चहा आला. दिगूने तो प्यायला, नमस्कार केला आणि आम्ही निघालो. गाडीत तो म्हणाला, "बाळ्या, त्या गावाला आता नवा पाइप देऊ नकोस." मी म्हणालो, मी नाही दिला तर दुसरा देईल. "दुसऱ्याला देऊ दे," तो म्हणाला. पुढच्या हंगामात मी दिला. त्याला कळलं. चार महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि मग एक दिवस काहीच झालं नसल्यासारखा दुकानात येऊन बसला. पाइपांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. त्याने मला माफ केलं की माझ्याकडून आशाच सोडली, हे मी विचारायचं टाळलं. आता ते विचारता येणार नाही.

नंतरची वर्षं तो त्या हिशेबाच्या संगणकावरच्या मॉडेलला चिकटून बसला. या वेळी रेघ खूप खाली, ओढा नदीला मिळतो तिथपर्यंत मारलेली. वस्ती आली, विहीर आली, जनावरं आली. मेळ अचूक बसला. पाऊस वाढवून बघ, पिकं बदलून बघ, उत्तर एकच यायचं : वरचे बागा कमी करतील तरच. पाऊस बरा झाला त्या वर्षी मला वाटलं, सुटला बिचारा. तर वरच्या गावाने प्लास्टिक अंथरून शेततळी केलेली, ओढ्याचं पाणी त्यांतच गेलं. तेव्हा तो मला म्हणाला, "आता मॉडेल बरोबर आहे, बाळ्या. उपयोग काही नाही." वस्तीतली घरं एकेक करून बंद होत गेली. कोणी चांदवडला कांद्याच्या खळ्यावर, कोणी नाशिकला बांधकामावर.

दहा दिवसांपूर्वी मी दिगू गेल्याचं हौसामावशींना सांगायला गेलो. त्या विहिरीवर मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो, हेही इथे लिहून ठेवतो. तीन घरं उघडी होती. टँकरच्या पाण्याची पिंपं दारात. मावशींनी ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि थोड्या वेळाने आत जाऊन खुंटीवरची पिशवी आणली. पिशवीत एक मोजपट्टी, टोकाला शिशाचं वजन बांधलेली, आणि एक वही. दिगू दर महिन्याला यायचा म्हणे, सकाळच्या एस.टी.ने. मला त्याने हे कधी सांगितलं नाही. "मी म्हनायची, सर, काय मोजता, नाय पानी. तर म्हनायचे, नाय हे, तर 'नाय' लिवावं लागतं." पिशवी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "ह्या म्हैन्याचं ऱ्हायलंय."

मी काठावर वाकून पट्टी सोडली. वजन दगडावर वाजलं. वर ओढली तर टोकाला नुसती धूळ. वही उघडली. पावसाळ्यातले आकडे होते, वर्षागणिक लहान होत गेलेले, आणि दिवाळीनंतर प्रत्येक महिन्याला त्याच सुबक अक्षरात एकच शब्द : कोरडी. पानं उलटत गेलो, कोरडी, कोरडी, कोरडी. शेवटच्या ओळीखाली मी तारीख घातली आणि पुढे, दुकानात घालतो तशा, वरच्यासारखंच म्हणून दोन रेघा ओढल्या.

मावशी खांद्यावरून बघत होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. म्हणाल्या, "येवढंच? सर तर मोठं लिवायचे."

मी त्या रेघा खोडल्या आणि पूर्ण शब्द लिहिला.