मान हलवल्याची नोंद

आमच्या घरात आत्यासमोर काही कबूल करायला सगळे घाबरायचे.

"बघतो गं," बाबा म्हणायचे.

"नुसतं 'बघतो' चालत नाही." आत्या ताटातून नजर न उचलता म्हणायची. "'बघून सांगतो' म्हण. म्हणजे आजपासून नव्वद दिवस."

"अगं, नळाचा वायसर बदलायचाय. कायदा नाही करायचा."

"मग तीस दिवस पुष्कळ झाले."

तिचा इलाज नव्हता. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. सभागृहाच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिची आश्वासन शाखा होती. वर लोकप्रतिनिधी प्रश्न विचारायचे, मंत्री उत्तरं द्यायचे, लघुलेखक शब्दन्‌शब्द टिपून घ्यायचे. त्याची कच्ची प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या टेबलावर यायची. लाल पेन्सिल घेऊन ती वाचायची आणि मंत्र्यांनी कुठे शब्द दिलाय ते हुडकायची. "माहिती घेऊन कळवू" – लाल रेघ. "चौकशी करण्यात येईल" – लाल रेघ. "सरकार याबाबत गंभीर आहे" – काही नाही. गंभीर असण्याला मुदत नसते. लाल रेघ पडली की त्या शब्दाला क्रमांक मिळायचा, तो जाडजूड नोंदवहीत चढायचा, आणि मग आत्या त्या खात्याच्या मागे लागायची. पत्र, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, फोन. खातं थकायचं, आत्या नाही. शेवटच्या रकान्यात 'पूर्तता' लिहिलं की मगच ती त्या ओळीवरून नजर काढायची.

कोणत्या वाक्याला आश्वासन म्हणायचं याची टाइप केलेली यादी तिच्या टेबलाच्या काचेखाली होती. चौतीस वाक्यं. त्यांच्या बाहेर ती कधी गेली नाही.

खिडकीशी माणसं यायची.

"मंत्रीसाहेब माझ्याकडे बघून हसले हो."

"हसण्याची नोंद होत नाही."

"पाठीवर हात ठेवला त्यांनी!"

"हाताचीही होत नाही. शब्द काय होता?"

माणसं चरफडत परत जायची. इमारतीत तिचं नाव पडलं होतं, कुलूप. तिला ते ठाऊक होतं. "कुलूप आहे म्हणून खोलीत काहीतरी शिल्लक राहिलंय," एवढंच म्हणायची.

तिच्या निवृत्तीला सत्तेचाळीस दिवस राहिले असताना ती शिंपीण खिडकीशी आली.

आदल्या दिवशी अधिवेशन संपलं होतं. सकाळचे सव्वादहा. बाईच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, ब्लाउजच्या बाहीला दोन टाचण्या खोचलेल्या. कपड्याच्या दुकानात लांबी-रुंदी कमी करायचं काम ती करायची. तिथूनच उठून आली होती.

"काल माझ्या नवऱ्याचा प्रश्न होता," ती म्हणाली.

आत्याला प्रश्न आठवत होता. सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरातला बॉयलर चौदा महिन्यांपूर्वी फुटला आणि तो चालवणारा माणूस गेला. खात्याचं लेखी उत्तर तीन ओळींचं होतं: अपघात संबंधित कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला. चौकशी पूर्ण झाली आहे. पुढील कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न विचारणाऱ्या सदस्येला सगळे टाचणीबाई म्हणायचे. खात्यांना टोचायचं कुठे हे तिला नेमकं कळायचं.

"पास काढून मी वर गॅलरीत बसले होते," शिंपीण म्हणाली. "बाईंनी विचारलं, स्फोटाच्या आधी तपासणी झाली होती तिचा अहवाल सभागृहासमोर ठेवणार का? मंत्र्यांनी अशी मान हलवली." तिने हनुवटी दोनदा खाली करून दाखवली. "आणि घंटा झाली."

"बोलले काय?"

"बोलले नाहीत. हलवली."

"मानेची नोंद होत नाही, बाई."

"मग सभागृहात मान घेऊन येतात कशाला?"

आत्याला हसू आलं होतं, पण तिने ते आवरलं. "पुढच्या अधिवेशनात परत विचारायला सांगा त्यांना. चार महिने आहेत."

"चार महिने." शिंपिणीने टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळायला घेतली. "माझी मुलगी आठवीत आहे. विज्ञानाच्या बाई वाफेचा धडा शिकवत होत्या. म्हणाल्या, सुरक्षा झडप उघडायला माणूस विसरला की काय होतं ते आपल्याच शहरात आपण पाहिलंय. बाईंना माहीत नव्हतं ही कोण. वर्गाला माहीत होतं. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तेव्हापासून शाळेत पाय टाकला नाही पोरीने."

आत्याने हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली.

"तो विसरणारा माणूस नव्हता हो. गॅस बंद केलाय ना, म्हणून अर्ध्या जिन्यावरून परत यायचा. मी चिडायचे त्याच्यावर. स्फोटाच्या आधी मला म्हणाला होता, तपासनीस आला होता, झडप बघून काहीतरी लिहून गेला. काय लिहिलं ते याला कुणी दाखवलं नाही. मला तेवढंच बघायचंय."

"आणि त्याच्याच विरुद्ध लिहिलेलं निघालं तर?"

शिंपिणीने टेपची गुंडाळी मुठीत घेतली. "तर पोरीला तसं सांगेन. पण वाचून सांगेन."

"बसा," आत्या म्हणाली. एकतीस वर्षांत त्या खिडकीशी आलेल्या किती माणसांना ती 'बसा' म्हणाली असेल, मला शंका आहे. बाहेर बाकही नव्हता. शिपायाने स्टूल आणून दिलं.

आत्याने कच्ची प्रत ओढली. पान एक्केचाळीस.

सदस्य: …तो तपासणी अहवाल मंत्रिमहोदय सभागृहासमोर ठेवणार काय?

(घंटा)

सदस्य: धन्यवाद.

सभापती: प्रश्नोत्तरांचा तास संपला आहे.

तिने तीनदा वाचलं. मंत्र्यांचा एक शब्द नव्हता. लाल पेन्सिल टेकवायला जागाच नव्हती. पण 'धन्यवाद' होता, आणि त्याच्यावर कुणीतरी निळी काट मारली होती.

आत्या उठली आणि जिना चढून संपादन खोलीत गेली.

तिथे बसणाऱ्या मुख्य लघुलेखकाला सगळे कात्री म्हणायचे. भाषणांतली पुनरुक्ती, अडखळणं, नमस्कार-चमत्कार कापून तो पक्की प्रत तयार करायचा. ती संध्याकाळी पाचला छापखान्यात जायची. एकदा छापली की देवालासुद्धा बदलता येणार नाही, असं तो म्हणायचा.

"हा 'धन्यवाद' का काढलास?"

"सौजन्य आहे. सौजन्य काढायचंच असतं. सगळे धन्यवाद ठेवले तर कागद पुरायचा नाही."

"वरती उत्तर दिसतंय तुला?"

"नाही."

"मग आभार कशाचे?"

कात्रीने चष्मा काढला. पान पुन्हा जवळ घेतलं.

"तू आत होतास ना?"

"शेवटची दहा मिनिटं माझीच होती."

"हलवली मान?"

"हलवली." त्याने आवाज खाली आणला. "पण मान लिहू कशी? लघुलेखनात मानेची खूण मला कुणी शिकवली नाही."

"मान लिही म्हणतच नाहीये मी. बोललेला शब्द आहे, तेवढा राहू दे."

"कुलूप, इतक्या वर्षांत तू माझ्याकडे कधी एक शब्द मागायला आली नाहीस."

"आज आले."

"महिना-दीड महिना राहिलाय तुझा. सुखाने जा की. मंत्र्यांचं प्रकरण आहे, नाही नाही ते बोलतील."

"बोलू देत. बोलले की नोंद करता येते."

कात्री हसला नाही. निळी पेन्सिल उचलून त्याने कापलेल्या शब्दाखाली एकेक टिंब दिलं आणि समासात लिहिलं, कायम.

आता उरला कक्षाधिकारी. नोंदवहीत त्याची सही लागायची. तो आत्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता, आणि तिला मॅडम म्हणायचा.

"मॅडम, चौतीस वाक्यांत हे कुठे बसतं?"

"बसत नाही."

"हे तुम्ही म्हणताय?"

आत्याने त्याच्यासमोर कार्यवाहीचे दोन जाड खंड ठेवले. आत कागदाच्या खुणा घातलेल्या.

"या बाई नऊ वर्षं सभागृहात आहेत. कच्च्या प्रतीतला त्यांचा एकही प्रश्न मी चुकवलेला नाही. मंत्र्यांचे आभार त्यांनी मानल्याचं दोनदाच सापडतं. कात्रीनेही काढले नाहीत, कारण दोन्ही वेळा पुढचं वाक्य त्याला जोडून होतं. एकदा मंत्र्यांनी तारीख दिली. एकदा कागदाची प्रत कबूल केली. सकाळी समोर भेटली तरी ही बाई 'काय कसं काय' म्हणत नाही, ती फुकट 'धन्यवाद' म्हणेल?"

"पण मंत्री बोलले नाहीत."

"आपल्याला होकार मिळाला, हे तिने भर सभागृहात बोलून दाखवलं. मंत्री समोर बसले होते. नाकारायचं होतं तर तोंड होतं त्यांना. नाकारलं असतं तर तेही या पानावर आलं असतं."

त्याने पेन नुसतंच फिरवलं. "खातं म्हणणार, वगळा."

"म्हणू दे. वगळायचं की नाही ते आश्वासन समिती ठरवेल. तू आणि मी नाही."

"तुम्ही निघून जाल, मॅडम. मला इथे राहायचंय."

"म्हणून खाली बघ. नोंद घेणाऱ्याचं नाव माझं आहे. तुझी फक्त पाहिल्याची सही."

बऱ्याच वेळाने त्याने सही केली.

चार वाजता आत्या खिडकीशी आली. शिंपीण स्टुलावर बसून बाहीतल्या टाचण्या काढून परत खोचत होती.

"नोंद झालीये. क्रमांक दोनशे बारा. अहवाल मिळेलच असं मी म्हणत नाही. मिळेपर्यंत विचारत राहू, एवढं म्हणते."

"हे आश्वासन समजू?"

"समजा," आत्या म्हणाली. "तारीख लिहून ठेवा."

अडतिसाव्या दिवशी खात्याचं पत्र आलं. मंत्रिमहोदयांनी कोणतेही आश्वासन दिल्याचे दिसून येत नाही, सबब सदर नोंद वगळण्यात यावी. त्रेचाळिसाव्या दिवशी समिती बसली. आत्या भिंतीकडच्या खुर्चीत, मांडीवर नोंदवही. खात्याचे सचिव फाईल न उघडताच बोलले. समितीचे अध्यक्ष वयस्कर, एका कानाने कमी ऐकणारे. ते पुढ्यातलं पान वाचत होते.

"मग या बाई आभार कशाचे मानतायत?"

"सौजन्य म्हणून, साहेब."

"कोण, टाचणी?"

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. अध्यक्षांनी वर पाहिलं.

"अहवाल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे, साहेब."

"त्यात लपवण्यासारखं काही आहे?"

"नाही, साहेब."

"मग ठेवा. पंधरा दिवस."

त्यानंतर चार दिवसांनी आत्या निवृत्त झाली. पुष्पगुच्छ, दोन भाषणं, एक भिंतीवरचं घड्याळ. "आता तरी त्या वहीतून बाहेर ये," बाबा म्हणाले. ती म्हणाली, "बघते." बाबांनी ताबडतोब बोट उगारलं, आणि मग ते खाली घेतलं, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

समितीने दिलेल्या मुदतीच्या पंधराव्या दिवशी ती शिंपिणीला घेऊन खिडकीशी गेली. आतून एकतीस वर्षं पाहिलेली ती खिडकी बाहेरून इतकी उंच असेल असं तिला वाटलं नव्हतं. आत बघायला टाचा उचलाव्या लागल्या. इतकी वर्षं माणसं अशी टाचांवर उभी राहून आपल्याशी बोलत होती, हे तिने मला दोन-तीनदा सांगितलं.

अहवाल एका पानाचा होता. तपासनिसाचं अक्षर बारीक, सरळ: सुरक्षा झडप गंजून घट्ट बसली आहे. हाताने उघडत नाही. नवीन बसवेपर्यंत बॉयलर बंद ठेवावा. तारीख स्फोटाच्या एकोणीस दिवस आधीची. आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत, मोठ्या घाईच्या अक्षरात एकच ओळ: कामात खंड पडू नये, चालू ठेवावा. खाली सही आणि रुग्णालयाच्या प्रशासनाचा शिक्का.

शिंपिणीने ते उभ्याने वाचलं. मग स्टुलावर बसून वाचलं. 'हाताने उघडत नाही' या शब्दांवर तिने बोट ठेवलं आणि तिथून ते पुढे सरकेना. आत्या तिच्या बाजूला उभी राहिली. या वेळी सांगायला तिच्याकडे चौतिसातलं एकही वाक्य नव्हतं.

"दोन प्रती मिळतील?" शिंपिणीने शेवटी विचारलं. "एक शाळेत द्यायची आहे."

विज्ञानाच्या बाईंनी ते पान स्टाफरूममध्ये वाचलं आणि म्हणाल्या, मी तो धडा पुन्हा घेते, मुलीला पाठवा. पुढच्या सोमवारी मुलगी गेली. बाईंनी फळ्यावर बॉयलर काढला, झडप काढली, आणि त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं, असं वर्गाला सांगितलं. मग विचारलं, "तू वाचतेस, की मी वाचू?"

मुलगी उभी राहिली. तिने झडपेचं वाक्य वाचलं, तारीख वाचली, आणि मग खालची घाईतली ओळ. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सही कुणाची आहे?

"माझ्या बाबांची नाही," ती म्हणाली, आणि खाली बसली.